किनाऱ्यावरच्या लहान नगरात पर्यटन आणि उद्योग कसे आणावेत

कोकण किनाऱ्यावरची नगरे नावाने नगरे असली तरी वस्तीने अजून गावेच आहेत. २०११ च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची लोकसंख्या १२,३९२ होती, मालवणची १८,६४८. गुहागर आणि देवगड-जामसंडे येथे तर दीड दशकापूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचाच कारभार होता. मध्यभागी बाजारपेठ, एसटी स्टँड आणि मासळी बाजार, भोवती माडापोफळीच्या बागा आणि वाड्या, एका अंगाला खाडी आणि समोर समुद्र, असे या नगरांचे रूप. घरपट्टीचे उत्पन्न तुटपुंजे, कर्मचारी मोजके आणि मे महिन्यात, दिवाळीत किंवा जोडून सुट्ट्या आल्या की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. पर्यटक आणि उद्योजक या दोघांना आकर्षित करायचे म्हटले की पहिला विचार जाहिरातीचा, महोत्सवाचा, प्रवेशद्वारावरच्या कमानीचा होतो. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. त्यानंतरच्या वर्षांत जिथे खरोखर पर्यटन वाढले तिथे ते घोषणेने वाढले नाही. स्थानिकांनी आधी स्वतःचे चार पैसे घातले, घराच्या खोल्या नीट केल्या, होड्या घेतल्या, म्हणून ते वाढले. नगरपालिकेचे काम इथूनच सुरू होते. आपल्याच माणसांना गुंतवणूक करणे सोपे झाले की बाहेरच्या पैशालाही तीच वाट सापडते.

सुरुवात अधिकारांच्या मांडणीपासून करावी. किनाऱ्याची वाळू शासनाची, प्रवासी बोटी आणि जलक्रीडांचे परवाने महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे, सिंधुदुर्गासारखा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे, शासकीय जमिनीवरची कांदळवने वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, हमरस्ते बांधकाम खात्याकडे आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामाची शिफारस सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे. नगरपरिषदेच्या थेट हातात उरते ते बांधकाम परवानगी, पाणी, कचरा, गटारे, दिवाबत्ती, बाजार आणि वाहनतळ. हे थोडे वाटते, पण पर्यटकाचा दिवस बरा गेला की वाईट हे बहुतेक याच गोष्टींवर ठरते. शिवाय कोणत्या कामासाठी कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज, कोणती कागदपत्रे आणि साधारण किती दिवस, एवढे एका कागदावर छापून नगरपरिषदेच्या खिडकीत ठेवले, तर होम स्टे सुरू करू पाहणाऱ्या घरमालकाच्या तालुका आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या कितीतरी खेपा वाचतात. राज्याची ‘मैत्री’ ही एक खिडकी व्यवस्था मोठ्या उद्योगांना उपयोगी पडते. दोन खोल्यांच्या उद्योजकाला गावातलीच खिडकी लागते.

कचऱ्याचा प्रश्न सर्वांत आधी हाती घ्यावा, कारण तो सर्वांत आधी दिसतो. वेंगुर्ल्याचे उदाहरण इथे अभ्यासण्यासारखे आहे. २०१५ नंतरच्या काही वर्षांत या लहानशा नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करून घेण्याची शिस्त बसवली, पातळ प्लास्टिक पिशव्या बाजारातून काढल्या आणि जिथे कचऱ्याचे ढीग जळत असत त्या डेपोचे स्वच्छ भारत पर्यटन स्थळ केले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा, प्लास्टिकचा भुगा रस्त्याच्या डांबरात अशी प्रत्येक जिनसेला वाट करून दिली. महाराष्ट्रातल्या इतर नगरांचे पदाधिकारी हा डेपो पाहायला येऊ लागले. यंत्रे कुठेही विकत मिळतात. वेगळा केलेला कचरा उचलताना घंटागाडीत पुन्हा एकत्र न करणे आणि एकत्र कचरा देणाऱ्याचा कचरा न उचलणे, या दोन साध्या नियमांवर ठाम राहण्याचे काम मात्र रोजचे असते. तिथेच बहुतेक नगरे ढिली पडतात. हॉटेले आणि होम स्टे यांच्यासाठी कचऱ्याचा दर वेगळा असावा, आणि नारळाच्या करवंट्या, शहाळी, माशांचा कचरा यांची सोय पहिल्या दिवसापासून स्वतंत्र असावी. शहाळ्यांचा ढीग कुठेही साठतो आणि पाऊस पडला की त्यात डास होतात.

पाण्याचे गणित अधिक कठीण आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात, म्हणजे नेमक्या पर्यटनाच्या ऐन हंगामात, विहिरी तळाला जातात. जांभ्याच्या भेगांमधून पाणी लवकर वाहून जाते. त्याच भेगांतून शोषखड्ड्याचे पाणीही शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचते. चार जणांच्या घरात मे महिन्यात वीस पाहुणे उतरले, सेप्टिक टँक मात्र चार जणांचाच राहिला, तर त्याचा परिणाम वर्षभरात विहिरीच्या पाण्यात दिसतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींतून बेसुमार उपसा केला की खारे पाणी आत शिरते आणि एकदा शिरले की सहजी हटत नाही. म्हणून निवासाच्या खोल्यांची नोंदणी करताना खोल्यांच्या संख्येबरोबर सेप्टिक टँकचे आकारमान, गाळ उपसण्याची शेवटची तारीख आणि पाण्याचा स्रोत हे तीन रकाने नगरपरिषदेने सक्तीचे करावेत. गाळ उपसणारे वाहन शेजारच्या दोन-तीन नगरांनी मिळून घेतले तरी चालते. नळपाणी योजनेची क्षमता वाढवताना हिशोब जनगणनेच्या आकड्यावर न करता मे महिन्यातल्या शनिवारच्या गर्दीवर करावा. बाहेरचा जाणकार गुंतवणूकदार पहिली चौकशी पाण्याचीच करतो, आणि त्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देऊ शकणारी नगरे फार थोडी आहेत.

जमीन हा कोकणातला खरा अडसर. किनाऱ्यालगतचे एखादे चिरेबंदी घर पाहावे. पडवी शाबूत, माजघराचे वासे अजून भक्कम, कौले मात्र एका बाजूने ढासळलेली, खळ्यात गवत. घर दुरुस्त करून पाहुण्यांना देण्याजोगे असते, पण कागद काढले की सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर वारलेल्या आजोबांचे आणि त्यांच्या भावांचे नाव निघते. वारसांपैकी एक परळला, दोन डोंबिवलीला, एक बहीण बडोद्याला. इतर हक्कांत कुणा कुळाची जुनी नोंद. अशा घरावर बँक कर्ज देत नाही आणि नगरपरिषद परवानगी देऊ शकत नाही. घर पडत राहते, आणि शेवटी एखादा दलाल एकेका वारसाला गाठून हिस्सा कवडीमोलाने घेतो. यावर एक उपाय हाताशी आहे. गणेश चतुर्थीला हे सगळे वारस एकाच घरात असतात. त्या आठवड्यात नगरपरिषदेने महसूल आणि भूमी अभिलेख खात्यांना सोबत घेऊन वारसनोंदी, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र आणि सामाईक संमतीपत्र यांचे शिबिर भरवावे. आरती आटोपल्यावर माजघरात बसून जे ठरते ते वर्षभर फोनवर ठरत नाही. घर विकायचे नसेल तर सर्वांच्या सहीने एका भावंडाला किंवा गावातल्या पुतण्याला दीर्घ मुदतीच्या कराराने चालवायला देण्याचा नमुना मसुदाही तिथेच उपलब्ध ठेवावा. मुंबईत आयुष्य काढलेल्या चाकरमान्याजवळ बचत असते, गावाची ओढ असते आणि निवृत्तीनंतर परतण्याचा विचारही असतो. किनाऱ्यावरच्या नगराचा पहिला गुंतवणूकदार तोच.

किनारी नियमनाचे नियम समजून न घेता पैसे घालणाऱ्यांची फसगत नेहमीची आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार समुद्राच्या बाजूने भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली येतो, खाडीच्या कडेने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी कमी असेल तेवढा. ग्रामीण भागात, लोकसंख्येची घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी असेल तर भरती रेषेपासून २०० मीटर ना विकास क्षेत्र असते. जास्त घनतेच्या गावांत ते ५० मीटर आहे. नगरपालिका हद्दीतल्या दाट बांधलेल्या भागाचा वर्ग वेगळा असतो आणि तिथे अस्तित्वातला रस्ता किंवा अधिकृत बांधकाम यांच्या जमिनीकडच्या बाजूला बांधकाम करता येते. मात्र ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली म्हणून जमिनीचा वर्ग आपोआप बदलत नाही. मंजूर नकाशात जे असेल तेच खरे. त्यामुळे नगरपंचायतीने मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आपले गट क्रमांक बसवून त्याची मोठी प्रत भिंतीवर लावावी. प्लॉट घेण्यापूर्वी कुणालाही तो पाच मिनिटांत पाहता यावा. नियम मोडून उभी राहिलेली बांधकामे पुढे तोडली जातात तेव्हा नुकसान एकट्या मालकाचे नसते. त्या गावात पैसा घालणे धोक्याचे आहे, असे नाव सगळ्या नगराला चिकटते.

लहान गुंतवणूक कशी रुजते याची दोन चांगली उदाहरणे आहेत. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले आणि गावाने त्यांची सोय आपल्या घरांतच केली. हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. घरची खोली, घरचे जेवण, सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभे राहायचे. पैसा थेट घरात येतो, आणि म्हणून कासव वाचवणे हे गावाचेच काम होते. दुसरे उदाहरण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतले. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया २०१७ पासून होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि कांदळवन कक्ष यांच्या प्रकल्पातून त्यांना सुरुवातीची मदत आणि प्रशिक्षण मिळाले. मासळी विकणाऱ्या, खाडी लहानपणापासून ओळखणाऱ्या या बायका वल्हे मारता मारता कोणते झाड कोणते, खेकडा बिळात कधी जातो, हे सांगतात. ही माहिती कुठल्याही पुस्तकी गाइडकडे नसते. भांडवल थोडे आणि ज्ञान आधीच गावात असलेले, असेच उद्योग नगरपरिषदेने शोधून काढावेत: दशावताराचा रात्रीचा प्रयोग, मासळी लिलावाची पहाट, आगोटीच्या तयारीत चाललेले घरोघरचे मसाले कुटणे, होडी बांधणाऱ्या सुताराची शेड. राज्याच्या ‘आई’ या महिला-केंद्रित पर्यटन धोरणात स्त्रियांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो, त्याची मर्यादा साडेचार लाख रुपये आहे. न्याहारी व निवास योजनेखाली घरातल्या खोल्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. या योजना कागदावर चांगल्या आहेत. अर्ज भरून बँकेत पाठपुरावा करणारे एखादे माणूस नगरपरिषदेने नेमले तर त्या माणसाचा पगार वर्षाच्या आत वसूल होतो.

सुरक्षेत तडजोड नसावी. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक मृत्यू पावले. अशा घटनेनंतर माणसे गमावलेल्या घरांचे दुःख तर भरून येण्यासारखे नसतेच, पण संपूर्ण किनाऱ्यावरचा व्यवसायही महिनोन्‌महिने बंद पडतो. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर संघटित जीवरक्षक सेवा आहे. महाराष्ट्रातल्या लहान नगरांना तेवढा खर्च झेपणार नाही, पण गावातल्याच पोहणाऱ्या मुलांना प्रशिक्षण आणि हंगामी मानधन देणे शक्य आहे. ओहोटीची ओढ कुठे असते, कोणत्या खडकामागे भोवरा आहे हे रापणकर मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. त्यांना सोबत घेऊन धोक्याची ठिकाणे ठरवावीत, तिथे फलक लावावेत आणि भरतीच्या वेळा रोज लिहाव्यात. जीवरक्षक जॅकेटशिवाय एकही प्रवासी होडीत चढू नये आणि होडीची क्षमता तिच्या अंगावर ठळक रंगवलेली असावी.

मच्छीमारांशी बोलल्याशिवाय किनाऱ्यावर काहीही आखू नये. रापण ओढायची तर पुरेसा मोकळा किनारा लागतो. पहाटे जाळे टाकून अर्धवर्तुळाची दोन्ही टोके दोन बाजूंनी वीस-तीस माणसे ओढत येतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. त्याच ठिकाणी जेट स्की आणि बनाना बोटी सुरू झाल्या की जाळी फाटतात, मासळी पळते आणि भांडण पोलीस ठाण्यापर्यंत जाते. वेळ आणि जागा वाटून दिली तर दोन्ही चालू शकतात: सकाळी दहापर्यंत रापण, नंतर जलक्रीडा, आणि सीमा दाखवणारे बांबू रोवलेले. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर जाहीर झाले, पण ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना पुरेसे विश्वासात न घेतल्याने त्याविषयीचा विरोध दशकानुदशके टिकून राहिला. शिरोड्याजवळ वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलसाठी १९९० च्या दशकात भूसंपादन झाले. तो प्रकल्प जमीनमालकांच्या नाराजीमुळे तीन दशके रखडला. ज्यांची जमीन आणि ज्यांचे पाणी त्यांचा वाटा आधी ठरला नाही की मोठ्यात मोठा गुंतवणूकदार अडकून पडतो, हे या दोन्ही प्रकरणांत स्पष्ट दिसते.

मोठ्या प्रकल्पासाठी नगराने स्वतःची तयारी आधी करावी. उपलब्ध जागा, तिचे स्वच्छ हक्क, सीआरझेड वर्ग, पाणी, वीज, रस्त्याची रुंदी, जवळचे रेल्वे स्थानक आणि विमानतळ, प्रशिक्षित मनुष्यबळ यांची दहा-बारा पानी माहिती पुस्तिका पुरते. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते, चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तरीही स्थानकापासून नगरापर्यंतचे शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर एसटीच्या वेळा गाडीशी न जुळल्यामुळे अवघड होतात. हे वेळापत्रक जुळवून घेणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. करारात स्थानिकांना किती नोकऱ्या आणि कोणत्या पदांवर, भाजी-मासे-दूध गावातून किती घ्यायचे, सांडपाणी कुठे जाणार आणि किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट खुली राहील की नाही, हे लेखी असावे. नगरपरिषदेच्या मालकीची जागा दीर्घ मुदतीने देण्यास वरिष्ठांची मंजुरी लागते, ती प्रक्रिया आधी सुरू करावी. गुंतवणूकदार ताटकळत राहिला की शेजारच्या तालुक्यात जातो.

केवळ पर्यटनावर विसंबणे मात्र धोक्याचे. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट किल्ल्याची होडी बंद, जलक्रीडा बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी. त्या तीन महिन्यांत कमावणारे उद्योग लागतात, आणि ते बहुधा आधीच गावात असतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती दिल्या, हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कोकमलाही ते आहे. तरीही कच्ची काजूबी आणि पेटीतला आंबाच मोठ्या प्रमाणात बाहेर जातो, प्रक्रियेचा नफा दुसरीकडे. काजू सोलणे, आंबा-फणसाचे गर, आमसूल, सुकी मासळी स्वच्छ पॅकबंद करणे यांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. नगरपरिषदेने यासाठी बाजारालगत सामाईक शेड, वाळवणाची बंदिस्त जागा आणि शीतगृहाची जोडणी दिली तर दहा-पंधरा कुटुंबे एकाच वेळी उभी राहतात. गेल्या काही वर्षांत घरून काम करणारी मुलेही गावी येऊन राहू लागली आहेत. त्यांना लागते ते अखंड वीज, भरवशाचे इंटरनेट आणि वाचनालयात बसायला टेबल.

दर्जाची बाहेरून होणारी तपासणी उपयोगी पडते. किनाऱ्यांना मिळणारे ‘ब्लू फ्लॅग’ प्रमाणपत्र ३३ निकषांवर दिले जाते: पाण्याची शुद्धता, पर्यावरण शिक्षण, व्यवस्थापन, सुरक्षा. २०२५ मध्ये गुहागर आणि श्रीवर्धन या लहान नगरांच्या किनाऱ्यांना ते मिळाले. ते दरवर्षी टिकवावे लागते आणि तेच त्याचे मोल आहे. त्याच वर्षी युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी आहेत. या मानामुळे येणाऱ्या परदेशी अभ्यासकाला किल्ल्याच्या पायथ्याशी नीट शौचालय आणि बरोबर माहिती देणारा माणूस मिळतो का, हे त्या त्या नगराने पाहायचे आहे.

येणाऱ्या पैशातला वाटा नगराला मिळाला पाहिजे. माथेरानची नगरपरिषद प्रवासी कर घेते आणि त्यातून सोयी चालवते. किनाऱ्यावरच्या नगरांना वाहनतळ शुल्क हा अधिक सोपा मार्ग आहे, मात्र त्याची पावती द्यावी आणि तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवून किनारा स्वच्छता, जीवरक्षक आणि शौचालये यांवरच खर्च करावा. पर्यटक पैसे द्यायला नाखूश नसतो, त्याला त्या पैशाचा उपयोग डोळ्यांनी दिसावा लागतो.

या सगळ्याची मोजदाद दर महिन्याला व्हावी. वाहनतळावरच्या गाड्या, नोंदणीकृत खोल्या आणि त्यांतल्या भरलेल्या रात्री, उचललेला ओला आणि सुका कचरा किलोत, टँकरच्या फेऱ्या, निवडलेल्या दहा विहिरींच्या पाण्याची तपासणी, परवान्याचे आलेले आणि निकाली निघालेले अर्ज, स्थानिकांना मिळालेल्या हंगामी आणि कायम नोकऱ्या. हे आकडे दरमहा मासळी बाजाराच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहावेत, जिथे रापणकर, हॉटेलवाले, बागायतदार आणि बाहेरून जागा पाहायला आलेला माणूस असे सगळेच सकाळी येतात.